पिशवी आणि पुरावा : रक्तातल्या कर्कपेशींच्या शोधाचा इतिहास, बीडच्या वाटेने

२०१९ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकलेले होते. दर सहा स्त्रियांमागे एक!

हा आकडा किती विलक्षण आहे, हे तुलनेवाचून कळत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. बीडच्या ऊसतोड स्त्रियांत ते जवळपास सतरा टक्के निघाले.

यातील अनेक स्त्रिया तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. पांढरे जाणे, अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. तिथे त्यांच्या कानावर जो शब्द पडला, तो होता ‘कॅन्सर’. पिशवीला व्रण आहेत, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढलेली बरी, असा सल्ला मिळाल्याचे अनेकींनी सांगितले.

कर्करोग आहे की नाही, हे ठरवायचे कसे? वैद्यकशास्त्राने या एका प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षे खर्च केली आहेत. रक्ताच्या थेंबात कर्कपेशी शोधण्यापर्यंत तो प्रवास आज येऊन पोहोचला आहे, आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे बीडच्या सीमेला लागूनच घडलेले आहेत. हा धागा त्या प्रवासाचा.

आरंभ ऑस्ट्रेलियात होतो. १८६९ साली मेलबर्नमधील थॉमस ॲशवर्थ या डॉक्टरांनी कर्करोगाने मरण पावलेल्या एका पुरुषाचे शवविच्छेदन केले. मृताच्या छातीवर व पोटावर त्वचेखाली अनेक गाठी होत्या. ॲशवर्थ यांनी त्याच्या पायातील शिरेतून रक्त घेतले आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

रक्तात नसाव्यात अशा मोठ्या पेशी त्यांना दिसल्या. गाठींमधल्या पेशींशी त्यांनी त्या ताडून पाहिल्या, दोन्ही सारख्याच. गाठींपासून इतक्या दूर, पायाच्या शिरेत त्या आल्या कशा? रक्तप्रवाहातून, हाच तर्क उरत होता. एकाच माणसाच्या अंगावर इतक्या गाठी का उठल्या, याचे उत्तर या पेशींत असू शकेल असे त्यांनी नोंदवले.

ही नोंद एका ऑस्ट्रेलियन वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तिचा व्यवहारात उपयोग करण्याचे साधन मात्र त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाकडे नव्हते.

वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सगळ्या शरीरात जाते. मग कर्करोग काही ठरावीक अवयवांतच का रुजतो? त्यांनी उपमा वापरली ती बी आणि जमिनीची. बी वाऱ्यावर चहूकडे उडते, पण उगवते ते जमीन मानवेल तिथेच.

काळ्या रानात आणि मुरमाड माळावर एकच बियाणे टाकून पाहिलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला पॅजेट समजावून सांगण्याची गरज नाही. रक्तात शिरलेल्या बहुतेक कर्कपेशी काही तासांतच मरतात. एखादीच तग धरते, आणि तेवढी एखादी पुरते.

आता महाराष्ट्राकडे वळू. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजी टाटा न्यासाने पुढे मुंबईत परळला कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली.

खानोलकरांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात. विकृतिशास्त्र म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा, द्रव किंवा पेशी तपासून रोगाचा निवाडा करणारे शास्त्र. शल्यचिकित्सक कापतो, पण कापलेले ते काय होते, हे विकृतिशास्त्रज्ञ सांगतो. या धाग्यात हा भेद पुन्हा लागणार आहे.

१९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी भारतीयांच्या सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर एक शोधनिबंध लिहिला. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घासून होणारा त्वचेचा कर्करोग त्यात होता. चुट्टा उलटा, म्हणजे जळते टोक तोंडात धरून, ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोगही होता. कर्करोग हा दैवाचा कोप नव्हे, त्याला कारणे आहेत आणि ती माणसाच्या रोजच्या जगण्यात शोधता येतात, हा विचार त्या निबंधातून इथल्या मातीत उतरला.

कारणे शोधायची तर मोजदाद हवी. १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. पण ती मुंबईची. खेड्यातील स्त्री कोणत्या कर्करोगाने मरते, हे कोण सांगणार?

ते सांगितले बार्शीने. सोलापूर जिल्ह्यातील या व्यापारी गावात नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ कर्करोग रुग्णालय उभे राहिले होते. १९८७ मध्ये तिथून भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिने कवेत घेतली. भूमची शीव ओलांडली की बीड जिल्हा.

शहरात रुग्ण रुग्णालयात येतो आणि नोंद आपोआप होते. खेड्यात रुग्ण बहुधा कुठेच जात नाही. म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी उलटी वाट धरली. ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून दिली, संशयित रुग्णांना तपासणीसाठी रुग्णालयात आणले. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही नावे या कामाशी कायमची जोडली गेली आहेत.

या नोंदवहीतून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे होता. दुसरी अधिक मोलाची : केवळ गावात जाऊन बोलत राहिल्याने काही वर्षांत हा रोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत ओळखला जाऊ लागला. १९९५ साली हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यंत्र नाही, नवे औषध नाही. बोलणे आणि नोंदणे एवढेच होते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे वैशिष्ट्य असे की तो हळूहळू, अनेक वर्षे घेऊन वाढतो. जॉर्ज पापनिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये प्रथम मांडलेली आणि पुढे ‘पॅप’ नावाने जगभर रूढ झालेली चाचणी याच संथपणाचा फायदा घेते. गर्भाशयमुखावरून अलगद खरवडून घेतलेल्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि बिघडू लागलेल्या पेशी वेळीच हेरायच्या.

पुढे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असल्याचे दाखवले. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. विषाणूच शोधणारी चाचणी त्यातूनच शक्य झाली. तिसरी पद्धत सगळ्यांत साधी. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरचेच द्रावण, लावायचे. बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा पडतो.

या तिन्हींपैकी खेड्यात कोणती चाचणी जीव वाचवते? हा जागतिक प्रश्न १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सोडवायला घेतला गेला. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास उभा केला. गावांचे ५२ समूह पाडले आणि चार गट केले : विषाणूचाचणी, पॅप, व्हिनेगर आणि चाचणी न केलेला गट.

एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. चाचणी न केलेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या. तिथे मृत्यू ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यूचा धोका निम्म्यावर आणला होता. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र मृत्यूंत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. विषाणू नाही असे निदान झालेल्या एकाही स्त्रीचा त्या आठ वर्षांत या कर्करोगाने मृत्यू झाला नाही.

जगाच्या कर्करोगविषयक धोरणाला दिशा देणारा हा पुरावा उस्मानाबाद जिल्ह्यातील स्त्रियांनी दिला, हे त्या टापूतील शाळांत शिकवले जात नाही. शिकवायला हवे.

पण त्या ६४ स्त्रियांचे काय? चाचण्यांपैकी पॅप तर त्या वेळी कित्येक दशके जगात वापरात होती. मग एका गटाला तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते का, असा आक्षेप पुढे घेतला गेला. भारतात तपासणीची नियमित सोयच नाही, त्यामुळे ‘नेहमीची सेवा’ म्हणजे तपासणी नसणे, शिवाय त्या गटालाही रोगाची माहिती दिली होती, असे संशोधकांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू वाचल्या तरी अस्वस्थता उरते. ‘नेहमीची सेवा’ या शब्दांत एका देशाची परिस्थिती सामावली आहे. ती संशोधकांनी निर्माण केली नव्हती, तिचा हिशेब मात्र त्या स्त्रियांच्या नावे पडला.

मुंबईच्या वस्त्यांत असाच एक अभ्यास दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर झाला. तिथे प्रशिक्षण दिलेल्या सामान्य आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी व्हिनेगरची चाचणी करीत. बारा वर्षांनी मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले होते. उस्मानाबादेत एकदा केलेली जी चाचणी पुरी पडली नाही, तीच पुनःपुन्हा केल्यावर उपयोगी ठरली.

आता पुन्हा रक्ताकडे. ॲशवर्थ यांची नोंद एवढी वर्षे पडून का राहिली, ते साध्या गणिताने कळते. साडेसात मिलिलीटर रक्त, म्हणजे दीड चमचा. त्यात तीन हजार कोटींहून अधिक तांबड्या पेशी आणि काही कोटी पांढऱ्या पेशी असतात. पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णातही त्या गर्दीत कर्कपेशी सापडतात त्या पाच, दहा, कधी शंभर. गवताच्या गंजीत सुई शोधणे याहून सोपे म्हणावे लागेल.

तोड निघाली ती लोहचुंबकाने. स्तन, आतडे अशा अवयवांच्या अस्तरातील पेशींवर ‘एपकॅम’ नावाचे एक प्रथिन असते. रक्तपेशींवर ते नसते. लोहाच्या अतिसूक्ष्म कणांवर या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे बसवायची आणि ते कण रक्तात सोडायचे. ज्या पेशींवर ते प्रथिन आहे त्यांना कण चिकटतात. मग चुंबक लावला की त्या पेशी बाजूला ओढल्या जातात. उरलेला संशय रंगांनी फेडायचा : केंद्रक आहे का, अस्तरपेशीची खूण आहे का, आणि पांढऱ्या पेशीची खूण नाही ना?

याच तत्त्वावरील ‘सेलसर्च’ यंत्रणेला २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाची मान्यता मिळाली. त्याच वर्षी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या १७७ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेसात मिलिलीटर रक्तात पाच किंवा अधिक कर्कपेशी असणाऱ्या स्त्रियांचे आयुर्मान इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. ॲशवर्थ यांच्या १८६९ मधील पेशींना १३५ वर्षांनी व्यवहारात अर्थ मिळाला.

इथे इतिहास एक चकवा देतो. पेशी अधिक म्हणजे औषध लागू पडत नाही. तर मग औषध लगेच बदलावे, म्हणजे रुग्ण अधिक जगेल. तर्क निर्दोष वाटतो. अमेरिकेत तो रीतसर तपासला गेला आणि २०१४ मध्ये उत्तर आले : पेशींची संख्या पाहून केमोथेरपी लवकर बदलली, तरी रुग्ण अधिक जगले नाहीत. पेशींनी भविष्य बरोबर वर्तवले होते, पण ते बदलण्याइतके चांगले औषध हाती नव्हते. चाचणी खरी असणे आणि चाचणी उपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकाच्या इतिहासात हा धडा अनेकदा मोठ्या किमतीला शिकावा लागला आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्रात दोन ठळक प्रयत्न झाले. पुण्यात डॉ. जयंत खांडरे यांच्या पुढाकाराने ‘ऑन्कोडिस्कव्हर’ ही चुंबकीय सूक्ष्मकणांवर आधारलेली चाचणी विकसित झाली आणि तिला भारताच्या औषध नियंत्रकांची अनुमती मिळाली. टाटा मेमोरियलच्या सहकार्याने तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तिचा अभ्यास झाला. तंबाखू-गुटख्याच्या या प्रदेशात तोंडाचा कर्करोग निवडणे समयोचितच होते.

नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सने निराळी वाट घेतली. कर्कपेशी सहजासहजी मरत नाहीत, हा त्यांचा दुर्गुणच तिथे कामी लावला. रक्ताच्या नमुन्यात असे द्रावण घालतात की निरोगी पेशी मरून जातात आणि मागे उरतात त्या चिवट पेशी. या पद्धतीवरील स्तनकर्करोगाच्या चाचणीला नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. वृत्तपत्रांतून याचा अर्थ बहुधा ‘मान्यता’ असा लावला गेला. तो तसा नाही; आश्वासक साधनाची छाननी अग्रक्रमाने केली जाईल, एवढेच तो दर्जा सांगतो.

लक्षणे नसलेल्या निरोगी माणसाचे रक्त घेऊन कर्करोग लवकर पकडता येईल का? जगभर याच प्रश्नावर आज सर्वाधिक पैसा आणि बुद्धी खर्च होत आहे. अडचण मूळचीच आहे : गाठ लहान असताना रक्तात पेशी फारच थोड्या उतरतात. जिथे लवकर निदान सर्वांत मोलाचे, तिथेच पेशी सर्वांत दुर्मीळ. आणि लाखो निरोगी माणसांना तपासताना चुकीचा ‘आहे’ हा निकाल थोड्याच टक्के आला, तरी तेवढी घरे विनाकारण हादरतात.

अशी हादरलेली घरे बीडने पाहिली आहेत. आणि तिथे तर चाचणीचा चुकीचा निकालही लागला नव्हता, नुसता शब्द पुरला.

भीती इतकी सहज का रुजली, याचे उत्तर उसाच्या फडात आहे. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर मजुरी जाते आणि वर दंड लागतो. पाळीच्या दिवसांत मोळ्या उचलायच्या, पालावर पाणी नाही, आडोसा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो. संसर्गावर औषध आहे, पण त्यासाठी पुनःपुन्हा दवाखान्यात जावे लागते आणि प्रत्येक खेप म्हणजे एक खाडा. ‘एकदाच काय ते काढून टाकू’ हा सल्ला अशा हिशेबात चपखल बसतो. शस्त्रक्रियेचा खर्चही पुष्कळदा नव्या उचलीतूनच भागतो.

जून २०१९ मध्ये विधिमंडळात शासनाने सांगितलेला आकडा असा : तीन वर्षांत बीडमधील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा आकडा या धाग्याच्या आरंभी आला आहे.

पॅजेटची उपमा पुन्हा आठवते, वेगळ्या अर्थाने. भीतीचे बीही चहूकडे उडत असते. जमीन कर्जाची, खाड्याची आणि दूरच्या सरकारी दवाखान्याची असेल तिथे ते हमखास उगवते.

आता एक आकडा, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. बार्शीच्या नोंदणीचा विस्तार पुढे उस्मानाबाद आणि बीड या दोन्ही जिल्ह्यांपर्यंत झाला. २०२० च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात पुरुषांमधील कर्करोगाचे वयानुरूप प्रमाण देशात सर्वाधिक होते ऐझॉल जिल्ह्यात, लाखामागे २६९.४, आणि सर्वांत कमी होते उस्मानाबाद-बीडमध्ये, लाखामागे ३९.५.

आकडा पुरुषांचा आहे, आणि खेड्यात निदानच न झालेले रुग्ण नोंदीबाहेर राहतात. तेव्हा तो जपूनच वाचावा लागतो. तरीही विरोधाभास डोळ्यांत भरतो. नोंदींनुसार कर्करोग देशात ज्या टापूत सर्वांत विरळ, त्याच टापूत कर्करोगाच्या नावाने हजारो निरोगी अवयवांवर सुरी चालल्याचा संशय घ्यावा लागतो.

संशयच, कारण निवाडा करण्याची रीत वेगळी आहे. खानोलकरांच्या शास्त्राची रीत. काढलेला अवयव प्रयोगशाळेत जातो, त्याचे पातळ काप घेतले जातात, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात आणि अहवालावर एक ओळ लिहिली जाते : कर्करोग आहे, किंवा नाही. ती ओळ शस्त्रक्रियेआधीही मिळू शकते, बायोप्सीच्या लहानशा तुकड्यातून. ज्या स्त्रीच्या हाती शस्त्रक्रियेचे बिल आहे पण ही ओळ नाही, तिला आपल्याला काय झाले होते हे कधीच कळणार नाही.

कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर पाळी जाण्याच्या वयाचे त्रास तिशीतच सुरू होतात : हाडे ठिसूळ होणे, अंगाची आग, सांधेदुखी. आणि पुढच्या हंगामात मोळी उचलायची ती याच हाडांवर.

पुणे-नाशिकच्या प्रयोगशाळांतील रक्तचाचणी या स्त्रियांना वाचवू शकली असती का? नाही. गर्भाशयमुखाचा आरंभीचा बिघाड रक्तात उतरत नाही. त्यांना हवी होती ती १९९९ मध्ये शेजारच्या जिल्ह्यात वापरलेली विषाणूचाचणी, किंवा मुंबईच्या वस्त्यांतली व्हिनेगरची बाटली, आणि दोन वर्षांनी पुन्हा येणारी आरोग्यसेविका.

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. ऊसतोडीचा हंगाम मात्र दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. कोयते ट्रॅक्टरांत बसून सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात आणि जिल्ह्याची परवानगी जिल्ह्याच्या वेशीवरच राहते.